नाळेची धमनी आणि लैंगिक हार्मोन्स: बाथमधली मात्रा, बाळाच्या रक्तातली मात्रा

प्रश्न असा आहे: नाळेच्या धमनीची रिंग (आडवा कापलेला गोल तुकडा) ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊती जिवंत ठेवणाऱ्या कोमट द्रावणाच्या भांड्यात, टांगून आवळली आणि मग टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल किंवा प्रोजेस्टेरॉन घातलं की ती काही मिनिटांत सैल पडते. हे कसं घडतं, एम. फार्म.च्या प्रकल्पासाठी ते नीट कसं मोजावं, आणि वाढ खुंटलेल्या बाळाचा रक्तपुरवठा हार्मोन देऊन वाढवता येईल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर कोणाच्या तरी गोळ्या अवलंबून असू शकतात: नाही. रिंग सैल पडते हे खरं आहे, पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पण ती ज्या मात्रेला सैल पडते ती बहुतेक वेळा बाळाच्या रक्तातल्या मात्रेच्या शेकडो किंवा हजारो पट असते. शिवाय वाढ खुंटलेल्या बाळात अडथळा नाळेच्या धमनीत नसतो, वारेच्या आत असतो. दोन्ही मुद्दे पुढे सविस्तर येतील.

आधी ही वाहिनी वेगळी का आहे ते पाहू. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, भोवती व्हॉर्टन जेली. धमन्या बाळाकडून वारेकडे कमी ऑक्सिजनचं रक्त नेतात, शीर ऑक्सिजन घेऊन परत येते. बाळाच्या पोटाजवळचा थोडा भाग सोडला तर नाळेत मज्जातंतू नाहीत. आईच्या किंवा बाळाच्या इतर धमन्यांचा ताण सिम्पथेटिक तंतू ठरवतात. इथे ते कामच रक्तातून आणि भिंतीतून येणाऱ्या रसायनांकडे आहे. सिरोटोनिन, हिस्टामिन, थ्रॉम्बोक्सेन, एंडोथेलिन हे आवळणारे. प्रोस्टासायक्लिन, नायट्रिक ऑक्साइड हे सैल करणारे. ऑक्सिजनचा दाब वाढला तरी धमनी आवळते. अशा वाहिनीवर स्टेरॉइड हार्मोन्सचा परिणाम तपासणं म्हणूनच अर्थपूर्ण आहे: मज्जातंतूंचा गोंधळ मध्ये येत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. उंदराच्या महाधमनीवर शिकलेला माणूस अंतःस्तर (एंडोथेलियम, म्हणजे वाहिनीचा सगळ्यात आतला थर) शाबूत आहे का ते पाहायला ॲसिटाइलकोलीन घालतो. नाळेच्या धमनीत ॲसिटाइलकोलीनने सैलावणं दिसत नाही, आणि ब्रॅडिकायनिनने तर ती आवळते. म्हणून 'ॲसिटाइलकोलीनला प्रतिसाद नाही, म्हणजे अंतःस्तर गेला' हा निष्कर्ष इथे चुकीचा ठरतो. अंतःस्तर आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावं लागतं, सीडी-३१ या अंतःस्तराची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाचं रंगकाम करून. बरेच जण कापसाच्या बोळ्याने आतला थर मुद्दाम पुसून काढतात आणि फक्त स्नायूवरचा परिणाम मोजतात. ते चालतं, पण मग लिहिताना 'एंडोथेलियमवर परिणाम नाही' असं म्हणायचा अधिकार राहत नाही.

आता हार्मोन नेमकं काय करतं. स्टेरॉइडचा जुना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे पेशीच्या आतला रिसेप्टर, तिथून केंद्रक, जीन, नवं प्रथिन. त्याला तास लागतात. बाथमधली रिंग मिनिटांत सैल पडते, म्हणजे हा मार्ग नव्हे. पोर्तुगालमध्ये कोविल्याच्या बैरा इंटिरियर विद्यापीठातल्या गटाने आणि मेक्सिकोतल्या गटाने नाळेच्या धमनीवर अँड्रोजेन्सचं, म्हणजे पुरुषी हार्मोन्सचं, बरंच काम केलं आहे. त्यातून पुढे आलेलं चित्र असं: टेस्टोस्टेरॉन स्नायूच्या पडद्यावरची पोटॅशियमची दारं उघडतं, त्यात कॅल्शियमने चालणारे मोठ्या क्षमतेचे बीके चॅनेल आणि व्होल्टेजवर चालणारे केव्ही चॅनेल हे मुख्य. पोटॅशियम बाहेर गेलं की पडद्याचा विद्युतभार आणखी ऋण होतो, एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल मिटतात, स्नायू सुटतो. यामागे सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू आणि त्याने चालू होणारं प्रोटीन कायनेज-जी हे एन्झाइम यांची साखळी असल्याचंही दिसलं आहे. एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड हे हृदयातून येणारं हार्मोन जो मार्ग वापरतं, तोच. अँड्रोजेन रिसेप्टरला जवळजवळ न चिकटणारं ५-बीटा-डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनही ही धमनी सैल करतं, आणि चांगलं करतं. रिसेप्टर अडवून परिणाम थांबत नाही, यापेक्षा हा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो. इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या बाबतीत कॅल्शियम आत येण्याचा रस्ता अडणं हा भाग मोठा.

लांब मुदतीचा परिणाम वेगळा मोजावा लागतो. धमनीचे तुकडे २४ तास हार्मोनसह माध्यमात ठेवले की चॅनेलच्या घटकांचं प्रमाणच बदलू लागतं, आणि मग तीच रिंग सिरोटोनिनला वेगळा प्रतिसाद देते. गरोदरपण नऊ महिन्यांचं असल्याने हाच परिणाम शरीराच्या जास्त जवळचा असावा असं माझं मत आहे, पण प्रकाशित काम बहुतेक काही मिनिटांच्या प्रयोगांचं आहे.

मात्रेचा प्रश्न आता घेऊ, कारण सगळं त्यावर उभं आहे. टेस्टोस्टेरॉनच्या १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचे साधारण ३.५ नॅनोमोलर होतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या नाळेच्या रक्तात ते १ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असतं, मुलगा असो वा मुलगी. बाथमध्ये ठळक सैलावणं दिसतं ते १० ते १०० मायक्रोमोलरला (१ मायक्रोमोलर म्हणजे १००० नॅनोमोलर), म्हणजे काही हजार ते काही दहा हजार पटींनी वर. मुलग्याच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन खरोखर उंच असतं ते साधारण १२ ते १८ आठवड्यांच्या सुमारास, आणि त्या काळातली नाळ कोणी बाथमध्ये टांगत नाही. इस्ट्रॅडिओलची गत अशीच: आईच्या रक्तात शेवटच्या आठवड्यांत १५ ते २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ५५ ते ७५ नॅनोमोलर, बाथमधल्या मायक्रोमोलरच्या मात्रांपेक्षा कितीतरी कमी.

प्रोजेस्टेरॉन मात्र अपवाद आहे. वार स्वतःच ते बनवते, दिवसाला सुमारे २५० ते ३०० मिलिग्रॅम. बाळाच्या बाजूला त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त असतं, शेकडो नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. आणि ३१५ नॅनोग्रॅम म्हणजे जवळपास १ मायक्रोमोलर. नाळेच्या शिरेत ते धमनीपेक्षा जास्त, कारण शीर वारेतून ताजं रक्त आणते. म्हणजे बाथमधल्या १ मायक्रोमोलर प्रोजेस्टेरॉनला निदान एकूण प्रमाणाच्या हिशेबाने अर्थ आहे. त्यातला बराचसा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो आणि बाथमधल्या क्रेब्स द्रावणात (क्षार आणि ग्लुकोजचं पाणी) प्रथिनं नसतात, हे लक्षात ठेवूनच. अजून एक नाव दुर्लक्षित राहतं: डीएचईए सल्फेट. बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी ते ढिगाने बनवतात, नाळेच्या रक्तात ते मायक्रोमोलरमध्येच असतं, आणि त्यातूनच वार इस्ट्रोजेन्स घडवते. इस्ट्रिऑल हे त्यातलं मुख्य. प्रकल्पासाठी हार्मोन निवडायचं असेल तर टेस्टोस्टेरॉनवर आणखी एक आलेख काढण्यापेक्षा प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रिऑल आणि डीएचईए सल्फेट घ्यावं असं मी सांगेन.

आता प्रयोग. सुरुवात संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीपासून आणि आईच्या लेखी संमतीपासून. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. नाळ शक्यतो नियोजित सिझेरियनची घ्या. कळा, ऑक्सिटोसिनचं सलाइन आणि तासन्‌तासचा ताण यांमुळे योनीमार्गे झालेल्या प्रसूतीच्या नाळा एकमेकींशी जुळत नाहीत. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू असलेल्या माता वगळा. केसपेपरवर निफेडिपीन, मॅग्नेशियम सल्फेट, बीटामेथासोन आणि प्रोजेस्टेरॉन ही चार नावं मुद्दाम शोधा. निफेडिपीन ४ तासांपूर्वी दिलं असेल तर तुमचा कॅल्शियम चॅनेलचा अर्धा निष्कर्ष आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेला असतो. बाळ मुलगा की मुलगी हेही नोंदवा.

मधल्या भागातून १५ ते २० सेंटिमीटर तुकडा घ्या. क्लॅम्प जिथे बसला तिथून ५ सेंटिमीटर सोडून द्या, तो भाग चेंगरलेला असतो. वारेजवळचा शेवटचाही घेऊ नका, कारण तिथे दोन धमन्यांना जोडणारा हिर्टलचा पूल असतो. थंड, ४ अंशांच्या द्रावणात आणा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. व्हॉर्टन जेली बारीक कात्रीने आणि चिमट्याने काढायची. इथे घाई केली तर सगळं बिघडतं: जेली राहिली तर हार्मोन आत शिरायला वेळ लागतो आणि आलेख उजवीकडे, म्हणजे जास्त मात्रेकडे सरकतो, फार खरवडली तर स्नायू फाटतो आणि रिंग आवळतच नाही. साफ झालेली धमनी पांढुरकी, गोल, रबरासारखी दिसते. शीर तिच्यापेक्षा रुंद आणि लिबलिबीत. ३ ते ५ मिलिमीटरच्या रिंगा कापा.

बाथ ३७ अंशांवर, क्रेब्स द्रावण, पीएच ७.४. वायूबद्दल थोडं थांबून सांगतो. सवयीने सगळे ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यात द्रावणातला ऑक्सिजनचा दाब ६०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जातो. पोटातल्या बाळाच्या नाळेच्या धमनीत तो २०च्या आसपास असतो. म्हणजे तुम्ही जन्मानंतरच्याही पलीकडच्या ऑक्सिजनमध्ये ती ठेवलीत, आणि ऑक्सिजन स्वतःच तिला आवळतो. जुन्या कामाशी तुलना करायची तर ९५ टक्के वापरा, पण गर्भावस्थेबद्दल बोलायचं असेल तर निदान काही रिंगा कमी ऑक्सिजनच्या मिश्रणावर चालवून पाहा.

रिंगेला २ ते २.५ ग्रॅम ताण द्या, ४५ ते ६० मिनिटं स्थिरावू द्या, दर १५ मिनिटांनी द्रावण बदला आणि ताण पुन्हा जुळवा. मग आवळणं: सिरोटोनिन १ मायक्रोमोलर, हिस्टामिन १० मायक्रोमोलर, पोटॅशियम क्लोराइड ६० मिलिमोलर. तिन्ही वेगवेगळ्या रिंगांवर करा, कारण निष्कर्ष त्यांच्या फरकातूनच निघतो. पोटॅशियम ६० मिलिमोलर असताना पडद्याचा भार जवळपास बांधलेला असतो, तेव्हा पोटॅशियम चॅनेल उघडून फारसा फरक पडत नाही. म्हणून हार्मोनने सिरोटोनिनची पकड सोडवली पण पोटॅशियमची नाही, तर पोटॅशियम चॅनेलकडे पाहा. दोन्ही सारख्याच सोडवल्या तर कॅल्शियम चॅनेलवर संशय घ्या. नाळेची धमनी हळू आवळते. आलेख सपाट व्हायला २० ते ३० मिनिटं लागू शकतात. चढत्या आलेखावर हार्मोन घातलं की सैलावणं कमी दिसतं, उतरत्यावर घातलं की जास्त. शेजारी एक रिंग तशीच चालू ठेवा, जिच्यात फक्त द्रावक पडेल.

द्रावकाचीच गंमत मोठी आहे. स्टेरॉइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून इथेनॉल. ०.१ टक्के इथेनॉल म्हणजे १७ मिलिमोलर, आणि इथेनॉल स्वतः नाळेच्या वाहिन्या आवळतं. म्हणून साठा जितका तीव्र ठेवता येईल तितका ठेवा: टेस्टोस्टेरॉनचे २८.८ मिलिग्रॅम १ मिलिलिटरमध्ये घेतले की १०० मिलिमोलर होतं. त्यातले ६ मायक्रोलिटर २० मिलिलिटरच्या बाथमध्ये म्हणजे ३० मायक्रोमोलर आणि इथेनॉल फक्त ०.०३ टक्के. तोच साठा १० मिलिमोलरचा असता तर इथेनॉल ०.३ टक्क्यांवर गेलं असतं. मात्रा चढत्या क्रमाने वाढवताना आधीचं इथेनॉलही मोजत जा.

विद्राव्यतेची मर्यादा तर बहुतेक प्रबंधांत तपासलेलीच नसते. पाण्यात टेस्टोस्टेरॉन साधारण ८० मायक्रोमोलरपर्यंत विरघळतं, प्रोजेस्टेरॉन ३०च्या आसपास, इस्ट्रॅडिओल १० ते १५. बाथमध्ये १०० मायक्रोमोलर इस्ट्रॅडिओल घातलं तर त्यातलं बरंच सूक्ष्म स्फटिक होऊन तरंगतं, काही नळीच्या प्लास्टिकला चिकटतं. आलेखावरचा शेवटचा बिंदू मग १०० नसतो. टॉर्च लावून बाथ बाजूने पाहा. धुरकट दिसला तर तो बिंदू टाकून द्या. आणि सिलिकॉनच्या नळ्या प्रयोगांच्या मध्ये इथेनॉलने धुतल्याशिवाय पुढची रिंग टांगू नका, नाहीतर कालचं प्रोजेस्टेरॉन आजच्या नियंत्रण रिंगेत येतं.

अडवणारी औषधं वापरताना मात्रा ओलांडू नका. टीईए (टेट्राइथाइलअमोनियम) १ मिलिमोलरपर्यंत मुख्यतः बीके चॅनेल अडवतं, त्यापुढे सरसकट सगळे. आयबेरिओटॉक्सिन १०० नॅनोमोलर महाग पण नेमकं. ४-अमिनोपिरिडीन केव्ही चॅनेलसाठी, ग्लिबेनक्लामाइड १० मायक्रोमोलर एटीपीवर चालणाऱ्या चॅनेलसाठी. पोटॅशियम चॅनेल अडवले की रिंग स्वतःच थोडी आवळते. तेव्हा सुरुवातीचा ताण बदलतो आणि सैलावण्याची टक्केवारी फसवी होते. अँड्रोजेन, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे रिसेप्टर अडवणारे अनुक्रमे फ्लुटामाइड, फुलव्हेस्ट्रंट, मिफेप्रिस्टोन हेही मायक्रोमोलरमध्ये तटस्थ नाहीत; फ्लुटामाइड तर स्वतःच वाहिन्या सैल करतं. एकट्या अडवणाऱ्या औषधाची रिंग ठेवल्याशिवाय 'रिसेप्टरचा संबंध नाही' असं लिहू नका.

शिरेकडे वळलं की प्रश्न बदलतो, कारण तिथून आतल्या थराच्या पेशी काढतात. एचयूव्हीईसी नावाने जगभर वापरल्या जाणाऱ्या या पेशी १९७३ साली कोलॅजिनेजने वेगळ्या करून वाढवल्या गेल्या. इस्ट्रॅडिओल यांच्यात पडद्याजवळच्या ईआर-अल्फा या इस्ट्रोजेन रिसेप्टरला धरून पीआय-३ कायनेज आणि एकेटी या एन्झाइमांच्या मार्गाने नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम मिनिटांत चालू करतं, आणि हे नॅनोमोलरमध्ये. इथे मात्रा शरीराच्या जवळ आली. पण संवर्धनात दोन चोर असतात. माध्यमाला गुलाबी रंग देणारं फिनॉल रेड स्वतः सौम्य इस्ट्रोजेन आहे, आणि वासराच्या सीरममध्ये स्टेरॉइड असतातच. फिनॉल रेड नसलेलं माध्यम आणि कोळशाने गाळलेलं सीरम घेतलं नाही तर नियंत्रण पेशी नियंत्रण राहत नाहीत. पेशी जितक्या वेळा पसरवाल तितके रिसेप्टरही कमी होत जातात. चौथ्या-पाचव्या फेरीपुढे जाऊ नये.

अँड्रोजेन आणि एचयूव्हीईसी यांचे निकाल एकमेकांविरुद्ध का येतात, हेही यातूनच कळतं. एकीकडे पांढऱ्या पेशी चिकटवणारं व्हीकॅम-१ वाढलेलं दिसतं, दुसरीकडे कमी झालेलं. टेस्टोस्टेरॉन दिलं आणि पेशींतल्या अरोमाटेज या एन्झाइमने त्याचं इस्ट्रॅडिओल केलं तर तुम्ही इस्ट्रोजेनचा परिणाम मोजता आहात. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होत नाही, म्हणून दोन्ही शेजारी चालवायला हवीत. शिवाय अनेक बाळांच्या पेशी एकत्र मिसळून विकल्या जातात, त्यात मुलगा-मुलगी यांची सरमिसळ असते.

आता दवाखान्यातला भाग. सोनोग्राफीत नाळेच्या धमनीचा डॉपलर वाईट आला, हृदयाच्या विसाव्याच्या वेळी प्रवाह थांबलेला दिसला, की लोकांना वाटतं धमनी आवळली आहे. बागेतल्या नळीचं टोक बोटाने दाबलं की नळीतला प्रवाह मंदावतो, नळी बारीक झालेली नसते. इथेही टोक म्हणजे वारेतल्या केसाएवढ्या वाहिन्या, ज्या कमी झालेल्या किंवा नीट वाढलेल्याच नसतात. नाळेची धमनी सैल केली तरी त्या नव्याने उगवत नाहीत. सीजीएमपीचा मार्ग औषधाने वाढवून पाहण्याचा प्रयत्न झालेला आहे: वाढ खुंटलेल्या बाळांसाठी सिल्डेनाफिल देणारी स्ट्रायडर चाचणी. तिची नेदरलँड्समधली शाखा २०१८मध्ये थांबवावी लागली, कारण फायदा दिसत नव्हता आणि नवजात बाळांना फुफ्फुसांचा त्रास जास्त होत होता. टेस्टोस्टेरॉन बाथमध्ये ज्या साखळीला हात घालतं त्याच साखळीची ही गोष्ट आहे.

योनीमार्गे रोज रात्री २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन देतात ते गर्भाशयाचं तोंड आखूड झालेल्या बाईला, वेळेआधीची प्रसूती टाळण्यासाठी. त्याला पुरावा आहे. नाळेतला प्रवाह वाढावा म्हणून ते देण्याला आधार नाही. शेवटच्या महिन्यांत वार जे २५० ते ३०० मिलिग्रॅम थेट बाळाच्या दाराशी बनवते आहे, त्यापुढे बाहेरून आलेल्या आणि आईच्या शरीरात विखुरलेल्या कॅप्सूलची भर किती, याचा विचार करा. आपल्याकडे प्रोजेस्टेरॉन आणि डायड्रोजेस्टेरॉन 'आधाराला' म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवली जातात. कोणाला ती लिहून दिली असतील तर स्वतःहून बंद करू नयेत. पण कशासाठी आणि किती आठवडे, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

टेस्टोस्टेरॉन तर गरोदरपणात देण्याचा प्रश्नच येत नाही. मुलीच्या गर्भावर पुरुषी परिणाम होतो. वारेतलं अरोमाटेज बाळाकडे जाणारं अँड्रोजेन इस्ट्रोजेनमध्ये बदलून हे संरक्षण देत असतं, आणि ते एन्झाइम जन्मतः नसेल तर आईच्याही अंगावर केस येणं, आवाज घोगरा होणं दिसतं. प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या आजारात) आईच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन अनेकदा वाढलेलं सापडतं, आणि गाभण उंदरांना ते दिलं तर रक्तदाब वाढतो, गर्भाशयाकडचा प्रवाह घटतो. रिंगेत सैल करणारा रेणू जिवंत प्राण्यात उलटं वागतो, कारण तिथे मात्रा नॅनोमोलरची आणि मुदत आठवड्यांची असते, आणि रिसेप्टरचा संथ मार्ग काम करतो. प्रकल्पात टेस्टोस्टेरॉन घेणारच असाल तर निदान एक गट १० नॅनोमोलरवर २४ तास ठेवा, आणि त्याचा आलेख ३० मायक्रोमोलरच्या आलेखाशेजारी छापा.

नाळेचे उरलेले तुकडे जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात.